परिवहनमंत्री मॅडम, आधी बस द्या, मग घरं बांधा: उत्तर स्विंडनहून खुलं पत्र

मा. हायडी अलेक्झांडर, परिवहनमंत्री, यूके यांस,

सप्रेम नमस्कार मॅडम,

पत्र मराठीत आहे त्याबद्दल आधीच सॉरी, पण हे जितकं तुमच्यासाठी आहे तितकंच आमच्या त्या लोकांसाठीही आहे जे आत्ता लंडनला नाहीतर रेडिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून राइटमूव्ह या घरविक्रीच्या वेबसाइटवर स्विंडनची घरं बघतायत आणि "अगं एवढ्यात तीन बेडरूम, वर गार्डन!" म्हणून एकमेकींना लिंका पाठवतायत. तुमच्या ऑफिसात कुणीतरी भाषांतर करून देईलच. आणि हो, आम्ही तुमच्या स्विंडन साउथ मतदारसंघात नाही, उत्तरेला राहतो, पण तुम्ही याच गावात वाढलात, लंडनच्या वाहतुकीच्या डेप्युटी मेयर होतात आणि आता सगळ्या देशाचं खातं तुमच्याकडे आहे. बसवाचून काय होतं हे तुम्हाला मुळापासून समजावून सांगायला लागू नये एवढीच अपेक्षा.

घराला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. घर छान आहे, मागे टोमॅटो-मेथी लावण्यापुरती जागा आहे, शेजारपाजार चांगला, पोरं सायकली घेऊन गल्लीत हुंदडतात, टाउनमध्ये गेलं की कानावर कोकणी पडते कारण गोव्याची चिक्कार माणसं इथे आहेत, तेवढ्यानेही बरं वाटतं. रेडिंगला याच पैशात आम्हाला दोन खोल्यांच्या वर काही मिळत नव्हतं. त्यामुळे आलो ते राजीखुशीने आलो.

पण रेडिंगला आमच्याकडे गाडी नव्हती हो. लागलीच नाही कधी. तिथली बस कंपनी काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, मालकीची आहे, खाली उतरलं की बस. इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की घराच्या किमतीत जे धरलंच नव्हतं ते दारात उभं करावं लागणार, आणि एक नाही, दोन. दोघं नोकरीला, दोघांच्या दिशा वेगळ्या, पोरगी नर्सरीत, ती तिसऱ्याच दिशेला. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, रोड टॅक्स, पेट्रोल, गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी. सगळ्याची बेरीज केली तेव्हा नवरा म्हणाला, आपण स्वस्त घर नाही घेतलं, महाग घर घेतलंय, फक्त अर्धे पैसे बँकेला जातात आणि अर्धे गाड्यांना. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये मात्र "परवडणारं".

लायसनची गंमत वेगळीच. भारतातलं लायसन इथे बारा महिने चालतं, मग प्रोव्हिजनल काढा, थिअरी द्या, एल लावा, टेस्टच्या तारखेची वाट बघा. मी पुण्यात ऑफिस सुटायच्या वेळेला युनिव्हर्सिटी चौकातून गाडी काढलेली बाई, पण इन्शुरन्सवाल्यांच्या लेखी नवशिकी, दरही तसाच. इन्स्ट्रक्टरने मॅजिक राउंडअबाउटवर नेलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पाच छोटे राउंडअबाउट एका मोठ्याभोवती गोल बसवलेत, 1972 पासून असंच आहे आणि आतल्या चक्रात गाड्या उलट्या दिशेने फिरतात. खरं सांगू, मला तिथे अजिबात भीती वाटली नाही. पुणेकराला ते घरचंच वाटतं.

असो. आता रोजची सकाळ. नव्या घरांना ड्राइव्हवे देतात तो असा की एका गाडीच्या मागे दुसरी लागते, त्यामुळे ज्याला आधी निघायचंय त्याची गाडी नेमकी आत. मग नाइटड्रेसवर जॅकेट चढवून बाहेर या, माझी काढा, याची जाऊ द्या, माझी परत आत घाला. गॅरेज आहे पण त्यात गाडी गेली तर दार उघडून माणूस बाहेर येत नाही, म्हणून तिथे सगळ्यांच्या बॅगा आणि ख्रिसमसची झाडं. ज्यांच्या घरात तिसरी गाडी आहे (पोरगं सतरा वर्षांचं झालं की येतेच) ते ती फुटपाथवर अर्धी चढवून लावतात आणि आम्ही पोरीची बग्गी (बाबागाडी) घेऊन रस्त्यावर. लंडनमध्ये फुटपाथवर गाडी लावायला 1974 च्या कायद्यापासून बंदी आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. बाकीच्या इंग्लंडसाठी तुमच्या खात्याने 2020 मध्ये लोकांची मतं मागवली होती. आमच्या गल्लीपर्यंत त्यातलं काही पोचलेलं नाही.

ज्यांना गाडी चालवता येते त्यांचं कसंही भागतं, माझा मुद्दा त्यांचा नाहीच. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिजावर आल्या होत्या. नाशिकला रोज सकाळी पिशवी घेऊन चालत जाऊन भाजी, दूध, देऊळ आणि वाटेत चार बायकांशी गप्पा असा त्यांचा दिनक्रम. इथे पहिल्या दिवशी फेरी मारून आल्या आणि मला हळूच विचारलं, "काय गं, इथे काल काही झालंय का? कर्फ्यूसारखं का आहे?" दुसऱ्या दिवशी त्यांना सुपरमार्केट सापडलं, म्हणजे दिसलं, आमच्या बेडरूमच्या खिडकीतूनही दिसतं ते, पण मधे ड्युअल कॅरेजवे, म्हणजे दुभाजकवाला मोठा रस्ता. फुटपाथ जातो एका राउंडअबाउटपर्यंत आणि तिथून पुढे नुसतं गवत. बाई परत आल्या. त्यानंतर दूध आणायलासुद्धा त्या आमच्यासाठी थांबायच्या, ज्या बाईने आयुष्यात कुणाला एक काम सांगितलं नव्हतं तिला संध्याकाळी सुनेला "जमलं तर जाऊया का गं" असं विचारावं लागायचं. मला त्याची फार लाज वाटायची.

शेजारच्या आजींचंही तेच. नजर कमी झाली, सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन रिन्यू करावं लागतं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे ते सोडून दिलं. सरकारने फुकट बस पास दिलाय. पास पर्समध्ये असतो आणि आजी घरात. त्यात हॉस्पिटल 2002 मध्ये गावातून उचलून एम-4 मोटरवेच्या जंक्शन 15 जवळ नेऊन ठेवलंय, म्हणजे आम्हाला गावाचं पार दुसरं टोक. गाडी असेल तर सोपं आहे, पार्किंगचे पैसे भरा की झालं. आजींना मुलाने रजा घ्यायची वाट बघावी लागते. आणि साउथ मार्स्टनच्या बाजूच्या गोदामांमध्ये रात्रपाळी करणारी मंडळी, त्यात आपली गोव्याची पुष्कळ, ती एका गाडीत चार-पाच जण वाटून घेऊन जातात. गाडीवाला आजारी पडला की सगळ्यांचीच पाळी बुडते.

आता तुम्ही म्हणाल बसभाड्याला कॅप आहे, एका वेळच्या तिकिटाला त्याच्या वर घेत नाहीत. आहे ना, आधी 2 पाउंड होती, जानेवारी 2025 पासून 3. नवरा-बायको जाऊन-येऊन कॅपच्या हिशेबाने 12 पाउंडपर्यंत, तेवढ्यात टाउनमधलं पार्किंग होऊन वर कॉफी येते. पण भाडं हा नंतरचा प्रश्न. रविवारी संध्याकाळी बसच नसेल तर तिकीट 3 चं असो की फुकट.

हे असं का झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, वाचणाऱ्यांसाठी लिहिते. 1985 च्या कायद्याने, ऑक्टोबर 1986 पासून, लंडन सोडून इंग्लंडभरची बससेवा त्या त्या कंपन्यांवर सोडली, परवडेल तो रूट त्यांनी चालवायचा. लंडनला मात्र रूट, वेळा, भाडं सगळं सरकारी यंत्रणाच ठरवत राहिली. स्विंडनकडे तरीही काउन्सिलची स्वतःची बस कंपनी होती, थेम्सडाउन, ती 2017 मध्ये विकली, आणि नेमकं त्याच वर्षी कायदा आला की काउन्सिलने नवीन बस कंपनी काढायची नाही. म्हणजे विकली ती विकलीच. ज्या गावाचं पोट ब्रुनेल या इंजिनिअरच्या रेल्वेच्या कारखान्यावर भरलं त्या गावाला आज गाडीशिवाय दूध मिळत नाही.

ती बंदी तुमच्या 2025 च्या बस कायद्याने उठवली, त्याबद्दल मनापासून थँक्यू, खोटं नाही. मँचेस्टरने आपल्या सगळ्या बस परत ताब्यात घेतल्या, जानेवारी 2025 ला काम पूर्णही झालं. पण मँचेस्टरला मेयर आहे, माणसं आहेत, पैसा आहे. आमच्यासारख्या काउन्सिलला नुसता अधिकार देऊन काय उपयोग, बस विकत घ्यायला आणि ड्रायव्हरला पगार द्यायला पैसे कुठून आणणार? सोबत निधी द्या आणि तो चार-पाच वर्षांसाठी एकदम द्या, दर बजेटला टांगती तलवार नको.

दुसरं म्हणजे तुमच्या सरकारला या टर्ममध्ये 15 लाख घरं बांधायचीत. बांधा, लोकांना घरं हवीच आहेत. पण सेक्शन 106 मध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवानगीसोबतच्या करारात, बिल्डरकडून बससाठी जे पैसे घेतात ते असे असतात की अमुक घरं झाल्यावर बस सुरू आणि अमुक वर्षांनी पैसे बंद. म्हणजे पहिला माणूस राहायला येतो तेव्हा बस नसते म्हणून तो गाडी घेतो, मग बस येते तेव्हा ती रिकामी पळते कारण सगळ्यांनी गाड्या घेतलेल्या असतात, मग पैसे संपतात आणि रिकामी पळते म्हणून बंद होते. हे उलटं करा. पहिली किल्ली हातात पडायच्या आधी बस दारात हवी, रात्रीची आणि रविवारचीही, सुपरमार्केटपर्यंत सलग फुटपाथ हवा, आणि पैसे शेवटचं घर विकलं जाऊन पुढे दहा वर्षं पुरतील असे घ्या. घरबांधणीचं खातं वेगळं आहे हे माहितीये, पण कॅबिनेटमध्ये तुम्ही एकाच टेबलाला बसता.

आणि मॅडम, आम्ही भारतीय पासपोर्टवालेही कॉमनवेल्थचे म्हणून इथे मत देतो. पुढच्या वेळी कुणी मत मागायला आमच्या दारात आलं तर मी आधी विचारणार आहे, कशाने आलात?

कळावे,
उत्तर स्विंडनमधली एक पुणेकर