नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

अमेरिकेत आई किंवा वडिलांनी नागरिकत्वाची शपथ घेतली की ग्रीन कार्ड असलेलं, त्यांच्या कायदेशीर ताब्यात नि त्यांच्याजवळ राहणारं, अठराच्या आतलं मूल आपोआप नागरिक होतं. २७ फेब्रुवारी २००१ पासूनचा हा कायदा. मात्र या नागरिकत्वाच्या पुराव्याचा कागद कुणी घरपोच देत नाही! तो कसा मिळवायचा हे आम्हा पालकांना समजावणाऱ्यांचे मनापासून आभार.

पासपोर्टच्या खिडकीवरच्या ताई, डीएस-११ या पासपोर्टच्या अर्जावर घरून सही करून यायचं नाही, सोळाखालच्या मुलासाठी आईवडील दोघांनीही हजर राहायचं, हे तुम्ही प्रत्येकाला न चिडता सांगता. आईचं नाव जन्मदाखल्यावर माहेरचं नि शपथेनंतर मिळणाऱ्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र जोडायला लावता. गाडं बहुतेक तिथंच अडतं.

गावाकडच्या नगरपरिषदेतल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कारकुनांचेही आभार. दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल, तर नोंदणीपासून पंधरा वर्षांच्या आत नाव घालता येतं, हे त्यांनीच सांगितलं. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून, ते अचूक असल्याचं सहीनिशी लिहून देणाऱ्या शिक्षकांचेही.

आधी पासपोर्ट काढा, मग एन-६०० हा नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरा, हा सल्ला देणाऱ्या काकांशी आम्ही सहमत. लहानांचा पासपोर्ट पाच वर्षांत संपतो, एन-६०० वर मिळणारं प्रमाणपत्र संपत नाही. मुलाचा भारतीय पासपोर्ट जमा केल्याशिवाय ओसीआयच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डाच्या) मागे लागू नका, हेही त्यांचंच सांगणं.