खर्च लेखकाचा, हक्क कोणाचे?

संपादक महोदय,

स्वयंप्रकाशनामुळे मराठी लेखकाला आता प्रकाशकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही, अशा आशयाचे लेख पुरवण्यांतून नेहमी येतात. वाट पाहावी लागत नाही हे खरे. पण आपल्याकडे ज्याला स्वयंप्रकाशन म्हटले जाते त्यातला बराच भाग स्वयंप्रकाशन नसतोच. लेखक पैसे भरतो. पुस्तकावरचे प्रकाशक म्हणून नाव, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), छपाईची फाइल आणि पुष्कळदा हक्कही पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्याकडे राहतात. पदरमोड करून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, मराठीत ती जुनी वाट आहे. आक्षेप या उलट्या व्यवहारावर आहे.

आयएसबीएनपासूनच सुरुवात करू. छापून देणाऱ्यांच्या 'पॅकेज'च्या यादीत त्यापुढे रक्कम लिहिलेली असते. भारतात हा क्रमांक विनामूल्य मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो ऑनलाइन अर्जावर देते आणि लेखकाला व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. तेरा आकड्यांच्या या क्रमांकात एक गट प्रकाशकाचा असतो. म्हणजे ज्याच्या नावावरचा क्रमांक वापरला तो नोंदीत प्रकाशक ठरला. पुढे लेखकाने स्वतः आवृत्ती काढायची म्हटली की नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि जुनी नोंद 'उपलब्ध नाही' अशा शेऱ्यासह विक्रीच्या संकेतस्थळांवर लटकत राहते. अर्ज शीर्षक पक्के होताच करावा. मुखपृष्ठ तयार झाल्यावर धावपळ केली तर छपाई खोळंबते आणि मग 'आमचा क्रमांक घ्या' हा प्रस्ताव येतो. छापील आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना वेगळे क्रमांक लागतात, नुसत्या पुनर्मुद्रणाला लागत नाही. आणि आयएसबीएन असला म्हणजे कॉपीराइट मिळाला, ही समजूत साफ चुकीची आहे.

कॉपीराइट लिहिता क्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो जातो सहीने. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे त्यात नमूद हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत लेखकाकडे येतो, मात्र करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तरच. नेमके हे 'वेगळे काही' छापील करारांत असते: 'सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी, जगभरासाठी'. पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्याला ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपटाचे हक्क कशाला हवेत? ती ओळ खोडून, दोन्ही प्रतींवर खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्याव्यात. छपाईचे काम दिले आहे तर कागद छपाईच्या कामाचाच असावा: पानसंख्या, कागदाचे जीएसएम (चौरस मीटरमागे वजन, म्हणजे जाडी), मुखपृष्ठाचा बोर्ड, बांधणी, प्रतींची संख्या, तारीख आणि शेवटी फाइल कोणाची.

फाइलचे महत्त्व लेखकांना दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कळते. मराठीत अजून पुष्कळ अक्षरजुळणी युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये, पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर होते. लेखकाने युनिकोडमध्ये दिलेला मजकूर रूपांतरित करून तिथे ओतला जातो आणि त्या ओतण्यात रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, जोडाक्षरे फुटतात. लेखकाने संगणकावर चार वेळा तपासलेला मजकूर असल्याने मुद्रितशोधन नको, असे म्हणणारे इथेच फसतात; तपासायचे ते रूपांतरानंतरचे प्रूफ. इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर परिच्छेदाला भारतीय लिप्या नीट जुळवणारा 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय लावला आहे ना, एवढे विचारावे. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते. काम संपल्यावर छपाईची पीडीएफ आणि युनिकोडमधील खुली (बदल करता येईल अशी) फाइल, दोन्ही हातात घ्यावीत. जुन्या फाँटमधली फाइल ई-पुस्तकासाठी जवळपास निरुपयोगी असते.

आता पैशांचे गणित. उदाहरणादाखल डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचे १६० पानांचे पुस्तक घेऊ. एका तावावर एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा एक फॉर्म धरला तर बरोबर दहा फॉर्म. मनोगत लांबले आणि पाने १६४ झाली की चार पानांसाठी नवा फॉर्म चढतो, म्हणून पाने आधी मोजून मनोगत नंतर लिहावे. छपाई प्रतीला ९० रुपये पडली असे समजू. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ मिळून ३० हजार. ५०० प्रतींवर वाटले तर प्रतीमागे ६०. एकूण खर्च १५० रुपये, छापील किंमत २५०. वितरकाने ४५ टक्के सवलत मागितली तर लेखकाच्या हाती १३७ रुपये ५० पैसे. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे साडेबारा रुपये तोटा, तोही सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर. हेच पुस्तक लेखकाने १५ टक्के सवलतीत थेट वाचकाला दिले तर २१२ रुपये ५० पैसे येतात आणि साडेबासष्ट उरतात. वितरक लुबाडतो असा याचा अर्थ नाही, गोदाम आणि परतीच्या प्रती त्यालाच सांभाळाव्या लागतात. अर्थ इतकाच, की किंमत ठरवतानाच ४५ टक्के सोडून हिशेब मांडला पाहिजे. प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवशी 'वाचकाला परवडावी' म्हणून ती कमी करू नये. दुकानात प्रती बहुधा विक्रीनंतर हिशेब या बोलीवर राहतात. चलनावर प्रतींची संख्या, सवलत आणि हिशेबाचा महिना लिहून सही घेतली नसेल तर वर्षाने मागायला तोंड राहत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, मात्र छपाईच्या बिलावर असतो आणि पुस्तक करमुक्त असल्याने तो विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरा.

पाचशे का, हाही प्रश्नच आहे. ऑफसेटवर प्रती वाढल्या की दर उतरतो, त्या मोहात हजार प्रती छापल्या जातात आणि माळ्यावर जातात. डिजिटल छपाईवर शंभर प्रती महाग पडतात, पण खपल्या तरच पुढच्या शंभर छापायच्या असतात. पहिल्या पुस्तकाला हाच मार्ग बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

थेट विक्रीचा कणा म्हणजे टपाल. पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांचे कंबरडे मोडले. मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. वर घेतलेले १६० पानांचे पुस्तक ७० जीएसएम कागदावर वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या आत बसते. कागद जाड घेतला किंवा पुठ्ठा बांधणी केली की ते वरच्या दरात जाऊ शकते. या सेवेसाठी पुस्तकावर मुद्रक वा प्रकाशकाचे नाव हवे आणि आत जाहिराती नकोत. स्मरणिकावजा पुस्तकात दात्यांच्या जाहिराती घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एक कर्तव्य तर बहुतेकांना ठाऊकच नसते. ग्रंथालयांना प्रती देण्याच्या १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत प्रत्येकी एक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना स्वखर्चाने पाठवायची असते. दंड आजही ५० रुपये आणि पुस्तकाची किंमत एवढाच असल्याने कोणी मनावर घेत नाही. पण पुस्तकाची सरकारी नोंद राहते ती या प्रतींमुळेच.

ई-पुस्तकाबद्दल थोडक्यात. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येते. भारतातील विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' या फक्त किंडलवर विक्रीच्या योजनेत घालावे लागते, म्हणजे ९० दिवस ते दुसरीकडे कुठेही डिजिटल स्वरूपात ठेवता येत नाही. स्वतःच्या ब्लॉगवर क्रमशःही नाही, नमुन्यादाखल फार तर दहा टक्के मजकूर. अन्यथा ३५ टक्के. अमेरिकेतले मराठी वाचक तिथल्या दुकानातून घेतात, त्या रॉयल्टीवर अमेरिकी कराची मूळ कपात ३० टक्के आहे. करविषयक प्रश्नावलीत पॅन भरून भारत-अमेरिका करविषयक कराराचा लाभ मागितला तर ती १५ टक्क्यांवर येते. हा रकाना रिकामा सोडणारे पुष्कळ आहेत.

मुक्त लेखक आणि अनुवादकांचे दुखणे वेगळे वाटते, पण मूळ तेच: कागद नाही. शब्दावर दर ठरतो, पण शब्द मूळ इंग्रजीचे मोजायचे की मराठीचे, हे ठरत नाही. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने मराठी शब्दसंख्या कमी भरते आणि बिल आपोआप घटते. अलीकडे यंत्राने केलेला अनुवाद 'नुसता तपासायला' निम्म्या दरात येतो. तो नव्याने करण्याइतकाच वेळ खातो, म्हणून दोन पाने नमुना पाहूनच दर सांगावा, आणि तोही तासावर.

थकलेल्या मानधनावर एक उपाय कायद्यात आहे, तो फारसा वापरला जात नाही. लघुउद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे आणि सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करू शकते. मग सूक्ष्म-लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्याप्रमाणे, लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. सूक्ष्म-लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी, आणि काम पोहोचल्याची ईमेल जपून ठेवायला हवी. दिवाळी अंकासाठी फोनवर मागितलेल्या कथेचा असा पुरावाच नसतो. तिथे 'मानधन किती व कधी' हे दोन ओळींत लिहून पाठवावे आणि उत्तर येईपर्यंत कथा पाठवू नये. संबंध बिघडतील ही भीती असते. ज्यांच्याशी या दोन ओळींनी बिघडतात, त्यांच्याकडून मानधन येणारच नव्हते.

शेवटी आपल्याच क्षेत्राकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे येतो. पगारी नोकरीत नसलेल्या लेखकाने वृत्तपत्रात लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट, लेखी करार नसेल तर, लेखकाचाच राहतो. तरीही सदराचे पुस्तक करताना लेखकच वृत्तपत्राकडे परवानगी मागत फिरतो आणि दुसरीकडे त्याचे सदर ध्वनिफितीसाठी वापरताना त्याला कोणी विचारत नाही. वृत्तपत्रे लेखांसाठी ईमेल पत्ता आणि शब्दमर्यादा ठळकपणे छापतात. त्याच चौकटीत आणखी तीन गोष्टी छापाव्यात: लेखाचे मानधन किती, ते छापून आल्यावर किती दिवसांत मिळेल, आणि छपाईखेरीज कोणता हक्क वृत्तपत्र घेणार आहे. जागा चार ओळींची लागेल. आपल्या रविवार पुरवणीपासून याची सुरुवात व्हावी, अशी विनंती आहे.

– एक मुद्रितशोधक, पुणे