उपराष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीला घटनेत मुदत हवी

महोदय,

२१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतीपदाचा राजीनामा दिला आणि महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले सी. पी. राधाकृष्णन यांनी १२ सप्टेंबरला शपथ घेतली. मधले साडेसात आठवडे देशाला उपराष्ट्रपती नव्हता, आणि त्यातच संसदेचे पावसाळी अधिवेशन चालू होते. चर्चा रंगली ती राजीनाम्याच्या कारणांवर. घटनेतल्या पोकळीकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

राष्ट्रपतीपद अचानक रिक्त झाले तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असे अनुच्छेद ६२ बजावतो. उपराष्ट्रपतींसाठीच्या अनुच्छेद ६८ मध्ये मात्र 'शक्य तितक्या लवकर' एवढेच आहे. पाच वर्षांची मुदत संपली तर नवे येईपर्यंत जुने उपराष्ट्रपती पदावर राहतात; राजीनामा किंवा मृत्यू झाल्यास ती सोय नाही. हंगामी उपराष्ट्रपती असा प्रकारच घटनेत नाही.

हे पद शोभेचे आहे, मग घाई कशाला, असे विचारले जाते. ते मला अजिबात पटत नाही. उपराष्ट्रपतींचे रोजचे काम राज्यसभेचे पदसिद्ध सभापती म्हणून असते; पगारही त्याच कामाचा मिळतो. समसमान मते पडली तरच ते मत देतात, पण खरी ताकद मतदानात नाही. पक्षांतर केलेल्या राज्यसभा सदस्याला अपात्र ठरवायचे की नाही, हे सभापती ठरवतात. २०१७ मध्ये शरद यादव यांचे सदस्यत्व तत्कालीन सभापती व्यंकय्या नायडू यांच्या निर्णयाने गेले. उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्यासाठी राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांनी दिलेली नोटीस दाखल करून घेणे किंवा फेटाळणे हेही त्यांच्याच हाती. २०१८ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची नोटीस नायडू यांनी फेटाळली होती.

सभापतीपद रिक्त असताना उपसभापतींनी काम पाहावे, असे अनुच्छेद ९१ म्हणतो. पण न्यायाधीश चौकशी कायद्याने सभापतींना दिलेला, अशा नोटिशीवर निर्णय घेण्याचा अधिकारही त्यात येतो का? धनखड यांच्या राजीनाम्याच्या दिवशीच न्या. यशवंत वर्मा यांच्याविरुद्ध दोन्ही सभागृहांत नोटिसा आल्या होत्या. राज्यसभेतली नोटीस पुढे उपसभापतींनी नाकारली आणि हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पद रिक्त नसते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

दुसरी बाजू राष्ट्रपतीपदाची. राष्ट्रपतीपद रिक्त झाले की उपराष्ट्रपती ते काम पाहतात. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर बी. डी. जत्ती यांनी ते पाहिले. उपराष्ट्रपतीही नसतील तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे ही जबाबदारी सरन्यायाधीशांवर येते. त्याच वर्षी राष्ट्रपतीपदाचे काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला सुमारे महिनाभर राष्ट्रपतीपदाचे काम पाहत होते. २०२५ च्या त्या आठवड्यांत तशी वेळ आली असती तर अमरावतीचे सुपुत्र भूषण गवई यांना सरन्यायाधीशपदाचे काम सोडून राष्ट्रपती भवनात जावे लागले असते. न्यायपालिकेच्या प्रमुखाला कार्यपालिकेच्या शिखरावर बसवणारी ही तरतूद निकडीपुरतीच वापरात यावी.

निवडणुकीला वेळ लागतो, ही सबबही टिकत नाही. मतदार फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, नामनियुक्तांसह. आमदारांची मते नाहीत, मतमूल्याचे गणित नाही, मतदान आणि मोजणी एकाच दिवशी. कायद्याचे वेळापत्रक असे: अधिसूचनेनंतर १४ दिवस उमेदवारी अर्जांसाठी, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार आणि माघारीनंतर किमान १५ दिवसांनी मतदान. एकूण ३२ दिवस. गेल्या खेपेस ७ ऑगस्टला अधिसूचना निघाली आणि ९ सप्टेंबरला निकाल लागला.

म्हणून अनुच्छेद ६८ मध्ये ६० दिवसांची कमाल मुदत घालावी. आणि पद रिक्त असताना सभापतींचे वैधानिक अधिकार उपसभापतींकडे जातात की नाही, हे न्यायाधीश चौकशी कायद्यातच स्पष्ट लिहावे. महाराष्ट्राच्या खासदारांनी यासाठी खासगी विधेयक मांडावे, ही विनंती.

— एक वाचक, सातारा