पोफळीच्या मेस्त्रींना

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे. गेल्या जुलैत, भर पावसात, कुंभार्ली घाट उतरून पोफळीजवळ तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर एक जुनी मरून गाडी येऊन थांबली होती. आत मी आणि माझी आई. कऱ्हाडहून गुहागरला, आईच्या माहेरी निघालो होतो. माझे हात खांद्यापासून थरथरत होते. तुम्ही आधी आईला खुर्ची दिलीत, मग मला पाणी दिलंत, आणि मग गाडीकडे वळलात.

घाटात काय झालं ते तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. हेळवाक मागे पडलं, उतार सुरू झाला, आणि एका तीव्र वळणावर स्टिअरिंग हलेना. भरलेला रांजण सरकवावा तसं दोन्ही हातांनी जोर लावून कशीबशी गाडी वळवली. समोरून ट्रक येत होता. आई एक शब्द बोलली नाही, फक्त पुढच्या डॅशबोर्डला धरून बसली. तिथे थांबायला जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये तशीच खाली आले. एकदा वाटलं, इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडावी. तसं केलं नाही हे ऐकून तुम्ही मान हलवलीत. इंजिन बंद झालं असतं तर दोन-चारदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा झाला असता, आणि किल्ली काढली असती तर स्टिअरिंग लॉक होऊन बसलं असतं. हे मला तुमच्याकडून कळलं. माझी मुलगी गाडी शिकते आहे. तिला मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं.

खाली रेंज आल्यावर नेहमीच्या गॅरेजला फोन केला होता. तिकडून उत्तर आलं, ‘स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, गेला असणार, टो करून आणा, वीस हजार धरून चाला.’ गाडी 2005 सालची, माझ्या बाबांची. ते गेल्यापासून घरात सगळे ती विकायला सांगतात. फोन ठेवला तेव्हा मीही मनातून ती सोडून दिली होती.

तुम्ही मात्र बॉनेटला हात लावण्याआधी प्रश्न विचारायला लागलात. इंजिन मध्येच बंद पडलं का? बॅटरीचा लाल दिवा लागला का? टेम्परेचरचा काटा चढला का? तिन्हींना मी नाही म्हटलं. मग तुम्ही विचारलंत, ‘काच आतून धुकट झाली होती का?’

झाली होती! वळणाच्या जरा आधी एकाएकी काच धूसर झाली आणि आईने पदराने पुसली होती. एसी लावलेला असताना असं का, हा विचार मला शिवलाच नव्हता. तुम्ही म्हणालात, ‘ह्या गाडीला दोन बेल्ट. एकावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, दुसऱ्यावर एसी आणि स्टिअरिंग हलकं करणारा पंप. काच धुकट झाली तेव्हाच दुसरा गेला, ताई. सरळ रस्त्याला कळत नाही, हळू वळवायला गेलं की कळतं.’ बॉनेट अजून बंदच होतं.

उघडलं तर तसंच. बेल्ट जागेवर नव्हता. तरी तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. स्टिअरिंगच्या ऑइलची टाकी उघडून पाहिलीत. पातळी बरोबर, रंग गुलाबी, फेस नाही, जळका वास नाही. म्हणजे पाइप फुटलेला नाही, पंपाने हवा ओढलेली नाही. पंपाची पुली हाताने फिरवलीत, ती गुळगुळीत फिरली. मग खाली अडकलेला बेल्टचा तुकडा काढून माझ्या हातात दिलात. बेल्ट जुना होऊन तुटला तर आतल्या बाजूला आडव्या चिरा दिसतात, म्हणालात. ह्याला एकही चीर नव्हती. एक कड घासून चकचकीत झालेली आणि पाठ जळून काळी पडलेली.

महिनाभर सकाळी गाडी सुरू केली की किरकिर यायची. मार्चमध्येही ह्याच आवाजासाठी मी बेल्ट बदलून घेतला होता. तो बदलणाऱ्याने टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी, पुली एकदा बोटाने फिरवून पाहिली असती तर? तुम्ही फिरवलीत. ती अर्ध्यावर अडली, आणि बेअरिंगमधून गंजाची तांबडी भुकटी गळली. इंजिनखालचं कव्हर कधीचं निघून पडलेलं. पावसाचं पाणी उडून उडून आतलं ग्रीस धुऊन गेलं, बेअरिंग आधी कुरकुरलं, मग डुगडुगलं, मग अडकलं, आणि नव्या बेल्टला जाळून गेलं. नुसता बेल्ट घातला असता तर तोही महिन्यात गेला असता.

तुम्ही बेअरिंग ठोकून काढलंत, चिंधीने पुसून त्यावरचा आकडा वाचलात: 6203. ‘हे पाण्याच्या मोटारीतही असतं, चिपळूणला कुठेही मिळेल,’ असं म्हणून बेल्टचा तुकडा देऊन पोराला मोटरसायकलवर त्या पावसात पाठवलंत. तो येईपर्यंत तुमच्या घरून आईसाठी चहा आणि घावणे आले. आईला मधुमेह आहे, तिने वेळेवर खाणं फार गरजेचं होतं, आणि हे मी तुम्हाला सांगितलेलंही नव्हतं.

सामानाचे पैसे आणि साडेतीनशे रुपये मजुरी. जास्त द्यायला गेले तर तुम्ही हात मागे घेतलात. त्याऐवजी कामच सांगितलंत: पाचशे किलोमीटरनंतर ताण बघा, अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून तसंच धरून ठेवू नका, पंप तापतो. मेस्त्री, मी ताण पाहिला. थोडा सैल होता, तो ओढून घेतला. खालचं कव्हरही नवीन बसवलं. गाडी विकली नाही.

आईने तुमच्यासाठी काकवीची बरणी काढून ठेवली आहे. शिमग्याला गुहागरला जाताना थांबू. तेव्हा नावही विचारीन.

तुमची,
कऱ्हाडची ताई