लाल दिवा विझत होता, तरी बॅटरी उपाशी होती: शहापूरच्या मेस्त्रींना आभारपत्र

आदरणीय मेस्त्री यांस,

सा. न. वि. वि.

गेल्या वैशाखात बेळगावातील शहापूरच्या तुमच्या दुकानातून वडिलांची येझदी मोटारसायकल घेऊन मी खानापूरला परतलो, तेव्हा तुम्ही मजुरी घेतली नाहीत आणि आभाराचे चार शब्दही मला नीट बोलू दिले नाहीत. "पाऊस सरल्यावर मीटर लावून आकडे सांगा," एवढेच तुम्ही म्हणालात. ते आकडे या पत्राच्या शेवटी दिले आहेत. पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या भागात जुन्या जावा आणि येझदी अजून बऱ्याच घरांतून जपलेल्या आहेत, आणि ज्या दोषापायी मी दीड वर्ष हैराण झालो तोच दोष त्यांच्यापैकी कित्येकांना आज सतावत असणार. तुम्ही मला जे शिकवलेत ते माझ्यापाशीच राहावे, हे मला योग्य वाटत नाही.

ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची आहे. त्या कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागल्या, पुढे १९७३ च्या सुमारास त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. वडिलांनी ती नोकरीत कायम झाल्यावर घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यावरूनच शाळेत ये-जा केली. त्यांच्या पंचाहत्तरीला ती पुन्हा नव्यासारखी उभी करावी म्हणून मी तिचा सांगाडा मोकळा करून त्याला पावडर कोटिंगचा पक्का रंग करून घेतला, क्रोम नवे केले, सीटही नवी शिवून घेतली. गाडी इतकी देखणी झाली की वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत. नुसते टाकीवरून हात फिरवत राहिले.

पहिला पाऊस लागला आणि रडगाणे सुरू झाले. कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला जाऊन आम्ही दोघे जांबोटीमार्गे परतत होतो. अंधार पडला होता आणि पावसाची संततधार होती. गाडीला वेग असे तोवर समोरचा दिवा बऱ्यापैकी उजेड देई. पण खड्डा किंवा वळण आले आणि वेग कमी केला की तो निरांजनासारखा मिणमिणे आणि इंजिनही अडखळू लागे. जांबोटीच्या अलीकडे गाडी बंद पडली. त्या रानात, भिजलेल्या वडिलांना झाडाखाली उभे करून मी गाडी ढकलत होतो, ती अर्धी घटका मी विसरू शकत नाही. या गाडीच्या प्लगला ठिणगी बॅटरीच्याच जोरावर मिळते. बॅटरी रिकामी झाली की उजेड जातो आणि पाठोपाठ इंजिनही जाते, हे मला त्या रात्री कळले.

त्यानंतर दीड वर्षात दोन बॅटऱ्या आणि चार्जिंगचा दाब (व्होल्टेज) आवरणारा रेग्युलेटर बदलला. प्रत्येक नवी बॅटरी पंधरा-वीस दिवस ठीक चाले आणि मग तीच गत होई. ज्यांना ज्यांना गाडी दाखवली, त्या सर्वांनी हेडलाइटच्या घरातील लाल दिव्याकडे बोट दाखवले. किल्ली फिरवली की तो पेटत होता आणि इंजिनचा वेग वाढवला की विझत होता. अर्थात चार्जिंग होत आहे आणि दोष बॅटरीतच आहे, असा निर्वाळा मिळे. एका ठिकाणी तार अखंड असली की वाजणारा मीटरचा बझर लावून सगळ्या तारा तपासल्या गेल्या आणि प्रत्येक तारेला तो वाजलाही. शेवटी सगळेच काढून १२ व्होल्टची यंत्रणा बसवण्याचा सल्ला मिळाला, आणि मी त्याला जवळजवळ होकार दिला होता.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतील एका परिचिताने तुमचे नाव सांगितले. उद्यमबागेत विजेच्या मोटारींची वेटोळी नव्याने गुंडाळण्यात (रिवाइंड करण्यात) तुमचे आयुष्य गेले आहे आणि आता तुम्ही घरापुढच्या खोलीत जमेल तेवढेच काम घेता, एवढेच मला ठाऊक होते. माझी अपेक्षा होती की तुम्ही लगेच पाना हातात घ्याल. तुम्ही मात्र आधी स्टुलावर बसून माझी सगळी हकीकत ऐकून घेतलीत, गाडीभोवती एक फेरी मारलीत, सीटखाली वाकून पाहिलेत आणि एकच प्रश्न विचारलात: "रंग कधी दिलासा?" मी महिना सांगितला. मग तुम्ही विचारलेत की दिवा पहिल्यांदा कधी मंदावला. मी तोही महिना सांगितला, आणि दोन्हींमध्ये जेमतेम सहा आठवड्यांचे अंतर आहे हे माझ्या स्वतःच्या तोंडून ऐकेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर तुम्ही जे मोजमाप केलेत ते मी क्रमाने लिहितो. सुधारायचे काही असल्यास अवश्य कळवावे.

रात्रभर स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीवर मीटरने ५.९ व्होल्ट दाखवले. सहा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिने ६.३ ते ६.४ दाखवायला हवेत, म्हणजे बॅटरी उपाशी होती. हायड्रोमीटरने बॅटरीच्या तिन्ही घरांतील आम्लपाण्याची घनता (बॅटरी किती भरली आहे हे ती सांगते) पाहिली, तर ती तिन्हींत सारखीच कमी होती. एकच घर कमी असते तर बॅटरीच खराब म्हटली असती. तिन्ही सारखी कमी आहेत, म्हणजे तिला कोणी पोटभर वाढतच नाही, असे तुम्ही सांगितलेत. मग इंजिन सुरू करून मध्यम वेगावर धरले. इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या टोकावर, इंजिनच्या अंगाच्या तुलनेत, ७.० व्होल्ट होते. त्याच क्षणी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मात्र ६.२ होते.

त्या दोन आकड्यांमध्ये माझे दीड वर्ष अडकले होते. तुमचे वाक्य मी घरी येताच वहीत लिहून ठेवले: "दिवा विझला म्हणून काय झालं? डायनामो वाढालाय, पण ताट बॅटरीपुढं पोचंना."

लाल दिव्याविषयीचा माझा गैरसमज तुम्ही तिथेच दूर केलात. तो दिवा डायनामोची बाजू आणि गाडीच्या पुरवठ्याची बाजू यांच्यामध्ये जोडलेला असतो. डायनामोचा दाब वाढून कट-आउटचा, म्हणजे डायनामोला बॅटरीशी आपोआप जोडणाऱ्या स्विचचा, संपर्क जुळला की दोन्ही बाजू समान होतात आणि दिवा विझतो. डायनामो काम करतो आहे एवढीच त्याची साक्ष. तिथून पुढे बॅटरीपर्यंत किती प्रवाह पोहोचतो हे त्या दिव्याला कळत नाही. रेग्युलेटरचेही तसेच आहे. तो डायनामोकडचा दाब पाहतो. तिथे ७ च्या आसपास दिसले की पुरे झाले असे समजून तो फील्डचा, म्हणजे डायनामोतील चुंबकाच्या वेटोळ्याचा, प्रवाह आवरता घेतो. पुढच्या वाटेवर ०.८ व्होल्ट गळत असतील तर त्याचा त्यात काहीच दोष नाही. मी बदलून टाकलेला जुना रेग्युलेटर तुम्ही मागवून घेतलात, तपासलात आणि चांगला आहे म्हणून मला परत दिलात.

गळती शोधण्याची रीत मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून ती सविस्तर लिहितो. इंजिन चालू असताना, म्हणजे तारेतून खरोखर प्रवाह वाहत असताना, मीटरची दोन टोके एकाच जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे लावायची. जोड निरोगी असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, आणि जे काही दाखवतो तेवढे त्या जोडाने खाल्लेले असते. बझरच्या तपासणीत हे का सापडले नाही, याचाही उलगडा तुम्ही केलात. बझरचा प्रवाह इतका क्षीण असतो की आट्याच्या एखाद्या कडेला धातूचा जेमतेम स्पर्श असला तरी तो वाजतो. चार्जिंगचे तीन-चार अँपिअर त्या स्पर्शातून जाऊ लागले की खरी अडचण दिसते.

फ्यूजच्या दोन बाजूंना मीटर लावला तेव्हा ०.५ व्होल्ट दिसले. मग तुम्ही मला फ्यूजला बोट लावायला सांगितलेत. काच कोमट लागली. ज्या पितळी पकडीत तो बसतो तिच्यावर हिरवट कळंक चढला होता आणि तिची ताण धरण्याची शक्ती गेली होती, त्यामुळे बॅटरीत जायला हवी ती शक्ती तिथे उष्णता होऊन वाया जात होती. उरलेले ०.३ व्होल्ट बॅटरीकडून सांगाड्याला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीपाशी सापडले. बोल्ट घट्ट होता आणि पट्टी नवी होती. पण ती ज्या पत्र्यावर टेकली होती तिथे मी हौसेने करून घेतलेल्या कोटिंगचा जाड, चकचकीत थर होता. रंग वीज वाहू देत नाही. रंग देणाऱ्याला ती जागा झाकून ठेवायला सांगणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते.

ती जागा साफ करताना तुमचे हात मी पाहत होतो. अर्थची पट्टी बसेल तेवढ्याच गोलातला रंग तुम्ही खरवडलात, त्या बाहेर एक ओरखडा जाऊ दिला नाहीत. उघड्या लोखंडावर दातेरी वायसर ठेवून बोल्ट आवळलात आणि त्यानंतरच वरून व्हॅसलीनचा लेप दिलात, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही. बॅटरी काढण्यापूर्वी कोणती तार कोणत्या खुंटीवर होती हे विसरू नये म्हणून एका तारेला तुम्ही लाल दोरा बांधला होतात, तोही लक्षात राहिला आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे आणि सवयीने उलट जोडणाऱ्यांनी किती नुकसान करून घेतले, हे त्या दोऱ्याच्या निमित्ताने तुमच्याकडून ऐकले.

डायनामो चांगला आहे हे ठरल्यावरही तुम्ही उजव्या बाजूचे कव्हर उघडलेत, कारण आधी कोणीतरी कम्युटेटरवर, म्हणजे डायनामोच्या फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, एमरी पेपर फिरवला आहे असा तुमचा संशय होता आणि तो खरा ठरला. एमरीचे कण तांब्यात रुतून त्यावर घासत वीज उचलणारे कार्बन झिजवतात, म्हणून तुम्ही बारीक काच पेपरने तो पुसून काढलात. मग हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा हातात धरून तांब्याच्या दोन पट्ट्यांमधली मायका (वीज अडवणारा अभ्रकाचा थर) एकेक करून खाली घेतलीत. त्या खाचा तुम्ही श्वास रोखून कोरत होतात आणि प्रत्येक खाच संपली की फुंकर मारून दिव्याकडे धरून पाहत होतात. एक कार्बन आपल्या घरात अडकत होता, तो घासून मोकळा केलात. पुन्हा जोडताना फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन डायनामोचे शेषचुंबकत्व, म्हणजे बंद असताना लोखंडात उरणारे चुंबकत्व, योग्य दिशेचे करून घेतलेत. ही कृती प्रत्येक बनावटीला वेगळी असते, तेव्हा दुसऱ्या गाडीवर न विचारता करू नकोस, अशी ताकीदही दिलीत. ती मी इथे वाचणाऱ्यांनाही पोहोचवतो.

१२ व्होल्टविषयी मी विचारले तेव्हा तुम्ही त्या सल्ल्याला नावे ठेवली नाहीत, हे मला फार आवडले. सहा व्होल्टवर २५ वॉटचा दिवा चार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह मागतो आणि बारा व्होल्टवर सुमारे दोनच. म्हणून खराब जोड जुन्या यंत्रणेला दुप्पट खातो, आणि मुळात दाबच निम्मा असल्याने ते खाणे चौपट जाणवते. दाब दहा टक्के घटला तर दिव्याचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो. पण रंगावर टेकलेली अर्थची पट्टी तशीच राहिली असती तर नवी यंत्रणाही आज ना उद्या आजारी पडली असती. माझे स्वतःचे मत विचाराल तर वडिलांच्या गाडीत म्हैसूरचा डायनामो फिरतो आहे याचे मला मनापासून समाधान आहे.

बॅटरी तुम्ही आपल्याकडे ठेवून घेतलीत आणि क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतक्या मंद प्रवाहाने भरलीत. अर्धपोटी राहिल्याने प्लेटांवर सल्फेट धरते आणि तसे फार दिवस राहिले तर बॅटरी कायमची जाते. माझी पहिली बॅटरी तशीच गेली. ही तुम्ही वाचवलीत.

मजुरीऐवजी मी कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा आणला, तेव्हा तो उघडून तुम्ही आधी मलाच दिलात. तुमच्या चार तासांची किंमत मी कशानेही करू शकत नाही. याआधी मला सुटे भाग विकत मिळाले होते. माझ्या गाडीचे ऐकून घेणारे आणि प्रत्येक आकडा मला स्वतःला वाचायला लावणारे तुम्ही पहिलेच. त्या दिवशी मी घरी जाताना साधा डिजिटल मीटर विकत घेतला. नंदगडच्या एका मित्राची जावा हेच दुखणे काढत होती. तिच्याही फ्यूजच्या पकडीत ०.४ व्होल्ट सापडले, आणि ते शोधताना तुम्ही शेजारी उभे आहात असेच मला वाटत होते.

आता तुम्ही मागितलेले आकडे. यंदाचा पाऊस तुम्ही जाणताच. जूनपासून गाडी आठवड्यातून दोनदा तरी बाहेर निघाली, दोनदा कणकुंबीला जाऊन आली आणि दुसऱ्या खेपेस परतताना रात्रच झाली होती. वडील मागे बसले होते. जांबोटीच्या अलीकडे, त्याच झाडापाशी, मी मुद्दाम वेग कमी केला. दिवा थोडा मंदावला, पण रस्ता दिसत राहिला आणि इंजिनने ठोका चुकवला नाही. काल सकाळी मीटर लावला. स्वस्थ बॅटरी ६.३५. इंजिन मध्यम वेगावर असताना डायनामोच्या टोकावर ७.१, बॅटरीवर ७.०. फ्यूजपाशी ०.०३, अर्थच्या बोल्टपाशी ०.०२. व्हॅसलीनचा लेप थोडा धुपला होता, तो पुन्हा दिला आहे.

वडिलांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत यंदा पान्यांशेजारी मीटरही ठेवणार आहे; त्यानंतर गाडी घेऊन तुमच्याकडे येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
खानापूरहून येझदी घेऊन आलेला