गुणसूत्रे कमी म्हणून म्हैस मागास?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या विज्ञान पानावरचा पशुधनाच्या जनुकक्रमाचा लेख वाचला. गाईला 60 गुणसूत्रे, म्हशीला 50, सबब म्हैस उत्क्रांतीत मागे राहिली, हा शोध आपल्या लेखकांनी कुठे लावला? म्हशीचे काही हरवलेले नाही. पाच ठिकाणी दोन-दोन जोड्या चिकटून एकेक झाली, आतला जनुकांचा ऐवज जवळपास तोच. शेळी 60, मेंढी 54, तिथेही हेच तीनदा घडले. आग्नेय आशियाकडच्या दलदली म्हशीत आणखी एक जोड होऊन 48 उरली. तिचा आपल्याकडच्या 50 वाल्या, म्हणजे नदीच्या म्हशीशी संकर केला तर 49 ची संतती होते आणि ती पुढे वितेही. आकड्यावरच मान द्यायचा तर कोंबडीला 78 आहेत, बसवा तिला माणसाच्या वर.

हे एक वेळ सोडून दिले असते. पण ‘जनुकक्रम वाचला की जनावराचा एकही दोष लपणार नाही’ हे वाचून पित्त खवळले. आमचा वळू देखणा, वंशावळ उत्तम. त्याच्या लेकी दुधाला चांगल्या, पण रेतन केले की उलटायच्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर यायच्या. खनिज मिश्रण झाले, इंजेक्शने झाली, शेवटी आमच्या वैरणीला नावे ठेवून झाली. वळूच्या जनुकचाचणीचा चकचकीत अहवाल होताच हो, ‘निर्दोष’ म्हणून! मग एका जुन्या वळणाच्या डॉक्टरांनी त्याचे रक्त घेतले, पेशी वाढवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजली. 59. हवी होती 60; पहिले आणि एकोणतिसावे एकमेकांना चिकटलेले. लेकींतही तेच निघाले. स्वीडनचे संशोधक गुस्ताव्हसन यांनी 1964 सालीच नोंदवलेला हा दोष! जनुके सगळी शाबूत, म्हणून जनुकचाचणीच्या चिपला काही दिसत नाही. जोड असतो सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे गुणसूत्राच्या कमरेपाशी; तिथे डीएनएची तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा येतात आणि तुकड्यातुकड्यांनी वाचणारी यंत्रे नेमकी तिथेच गडबडतात. बीजांड तयार होताना वाटणी चुकते, गर्भ लवकर मरतो, आणि बोल लागतो वैरणीला.

जनुकक्रमाशी माझे वैर नाही. 2009 साली हिअरफर्ड जातीच्या गाईचा जनुकक्रम प्रसिद्ध झाला, त्याचा वळू निवडायला उपयोगच झाला. पण रेतनासाठी वळू घेण्याआधी त्याची गुणसूत्रे मोजून घ्या, एवढे एक वाक्य अख्ख्या पानात मावले नसते का?

जाता जाता, लेखाशेजारी ‘म्हैस’ म्हणून छापलेले जनावर काळी गाय आहे. मागे मेंढीच्या बातमीला शेळी लावली होती. शेपूट वर उचललेली ती शेळी, खाली लोंबणारी ती मेंढी. फोटो निवडणाऱ्यांना कृपया कळवावे.

आपला,
एक गोठेवाला वाचक