युद्धाचे टक्के दाखवता, मग प्रश्नही दाखवा

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार

महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारत-पाक संघर्ष पेटला असताना, 8 मे 2025 च्या रात्री कराची बंदर बेचिराख झाल्याचं, इस्लामाबाद पडल्याचं काही वृत्तवाहिन्यांनी देशाला सांगितलं. दोन्ही खोटं. पूंछमध्ये तोफगोळ्याने मारल्या गेलेल्या एका शिक्षकाला दहशतवादी ठरवलं गेलं. तिथल्या पोलिसांना खुलासा करावा लागला. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझी तक्रार युद्ध हवं की नको, या कौलाचे जे टक्के पडद्यावर झळकतात त्यांबद्दल आहे.

कोपऱ्यात क्यूआर कोड, वर प्रश्न: ‘पाकिस्तानला धडा शिकवायला हवा का?’ मोबाइल धरून उत्तर देणार तो त्याच वाहिनीचा प्रेक्षक, तोही तापलेला. आधी आपणच रान पेटवायचं, मग धूर मोजून ‘देशाचा कौल’ म्हणायचं! एकाच माणसाने दहादा बटण दाबलं तर? कुणी विचारत नाही.

रीतसर जनमत चाचणीतही प्रश्नच उत्तर घडवतो. जानेवारी 2003 मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, अमेरिकेत प्यू या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं, सद्दामची राजवट संपवण्यासाठी लष्करी कारवाई हवी का? 68 टक्के हो म्हणाले. ‘आपले हजारो सैनिक हताहत झाले तरीही?’ एवढी भर घातल्यावर 43 टक्केच उरले. पहिलाच आकडा दाखवला तर तो खोटा नसतो, पण अर्धाच असतो. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जवान गेले. आजही पोरं सैन्यात जातात. हा दुसरा प्रश्न तिथे विचारा. उत्तर कदाचित ‘हो’च येईल, पण ते किंमत माहीत असलेल्यांचं असेल.

निवडणुकीच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर नाही. मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्यानेच बंदी आहे. निवडणूकपूर्व चाचणी छापताना ती कुणी केली, कुणी करवून घेतली, नमुना किती नि कसा निवडला, हे सांगावं, असं प्रेस कौन्सिल वर्तमानपत्रांना बजावते. मग युद्धाच्या कौलालाच मोकळं रान का? पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर चारच दिवसांत, 26 एप्रिलला, तुमच्या मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण नको, अशी सूचना काढली होती. पुढे कार्यक्रमांत सायरन वाजवू नका, हेही सरकारला सांगावं लागलं. (मोठ्या माणसांना!) म्हणजे मनात आलं की सूचना निघते.

चाचण्यांवर बंदी मला नकोय. कुठला आकडा दाखवायचा हे मंत्रालय ठरवू लागलं तर आजच्यापेक्षा वाईट होईल. टक्के पडद्यावर असेपर्यंत मूळ प्रश्न शब्दशः, किती जणांना, कसं निवडून, कधी विचारलं आणि पैसे कुणी दिले, एवढं वाचता येईल अशा अक्षरांत दाखवायला लावा. आकडा सरकारच्या बाजूचा असला तरी नियम तोच. आणि सुरुवात दूरदर्शनपासून होऊ द्या, म्हणजे खासगी वाहिन्यांना ‘सरकार आमच्याच मागे लागलंय’ असं रडायला जागा उरणार नाही.

कळावे,
साताऱ्याचा एक प्रेक्षक